ढोल्याची नळी: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. मी पाटावर बसलेलो, ताई निरांजन लावत होती. मध्येच थांबून म्हणाली, "ह्या बोक्याचे कान पिवळे का दिसतायत रे?"

ढोल्या न उघडलेल्या खोक्यांच्या थप्पीवर बसला होता, खिडकीकडे पाठ करून. उजेड कानांतून आरपार येत होता. एरवी तिथं गुलाबी दिसतं, आज हळद घातलेल्या दुधाचा रंग. मोबाईलचा टॉर्च लावून ओठ वर केला. हिरड्याही पिवळ्या. डोळ्यांचा पांढरा भागही तसाच.

मागचं लिहून ठेवतो. ११ तारखेला मयूर कॉलनीतलं घर रिकामं केलं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तीन वर्षं इथं कर्वेनगरला भाड्यानं. ढोल्या आल्या दिवशी खोक्यांमागे शिरला तो शिरलाच. आई म्हणाली, "जागा नवी आहे, भूक लागली की खाईल." मीही तेच म्हणालो, बायकोही. वाटी भरलेली असायची. मुंग्या लागतात म्हणून आई रोज सकाळी जुनं टाकून नवं भरायची, आणि आम्ही कामाला जाताना भरलेली वाटी बघून समजायचो की रात्री खाल्लं असेल, आईनं परत भरलं असेल. आई समजायची, उरलंय ते आमच्या खाण्यातून उरलंय.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?" घरातल्या तिघांची तीन उत्तरं. मी शिवणे गावातल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, हे मी पोरांना रोज सुनावतो. बोक्याच्या आठ दिवसांची एक ओळ माझ्याकडे नव्हती. म्हणून ही वही.

वजन ६.१ किलो. जानेवारीत लसीच्या वेळी ६.८ होतं. केस पेपरवर नाव "ढोल्या" लिहिताना मॅडम हसल्या नाहीत.

२० ऑगस्ट, मंगळवार

रिपोर्ट. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारा पिवळा पदार्थ, ७.२. अल्कलाइन फॉस्फटेज ६८४, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर. जीजीटी मात्र नॉर्मल. दोन्ही यकृताची एन्झाइम्स. मॅडम म्हणाल्या, मांजरात एक आकाश गाठतो आणि दुसरा जागेवर बसून राहतो, तेव्हा पहिला संशय एकाच आजाराचा येतो. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पांढरट चकचकीत. पोटॅशियम कमी. हेपॅटिक लिपिडोसिस.

मी म्हणालो, म्हणजे फॅटी लिव्हर? ते तर आमच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत निम्म्या लोकांना निघतं, संध्याकाळी वडापाव खात बसलेले असतात. त्या म्हणाल्या, माणसाला ते बहुतेकदा जास्त खाऊन होतं, मांजराला न खाऊन.

मला समजलं ते माझ्या भाषेत असं. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी बाहेर काढून यकृताकडे पाठवतं. आमच्या स्टोअरला जसं एकाच दिवशी पंधरा ट्रक लागावेत. उतरवून घेणारे हमाल आहेत, पण पुढे डिस्पॅच करायला लागणारं सामान, म्हणजे प्रथिनं, आतच येत नाहीयेत. माल पॅसेजमध्ये, जिन्यात, ऑफिसात. काम करायला जागा उरत नाही. लठ्ठ मांजराकडे ट्रक जास्त, म्हणून त्याला धोका जास्त. दोन-चार दिवसांचा उपासही पुरतो. आणि यकृत बिघडलं की मळमळतं, मळमळलं की खात नाही, न खाल्लं की आणखी चरबी. हे चक्र आपोआप सुटत नाही. भूक लागण्याची वाट बघत बसलो तर ती लागतच नाही.

उपाय काय? खाणं. औषधं जोडीला आहेत, पण मुख्य औषध तेच. तोंडानं तो खाणार नाही. तोंडात सिरिंजनं कोंबायचंही नाही, त्यानं अन्नाची कायमची किळस बसते, शिवाय ठसका लागून फुप्फुसात जायची भीती. मानेतून अन्ननलिकेत नळी घालायची, चार-सहा आठवडे.

सही केली. ॲडमिट. रक्त गोठायला अडचण नको म्हणून आधी व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी तीन.

२१ ऑगस्ट, बुधवार

नळी बसली. डावीकडून, भूल देऊन, वीस मिनिटं. टोक कुठं पोचलंय ते एक्स-रेत दाखवलं. नळी १४ फ्रेंच. फ्रेंच हे माप मी पहिल्यांदाच ऐकलं: एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे बाहेरचा व्यास ४.६७. आतला त्याहून कमी. पुढचा महिनाभर हा एकच आकडा आमचं घर चालवणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

आईला सांगितलं नळी घातलीये म्हणून. ती म्हणाली, "नाकातून?" मी म्हणालो, मानेतून. ती बराच वेळ काही बोलली नाही.

२२ ते २५ ऑगस्ट

क्लिनिकमध्येच. रोज कंपनीतून सुटल्यावर अर्धा तास.

लगेच पोटभर द्यायचं नाही. मॅडमचं गणित: त्याचं योग्य वजन ५ किलो धरायचं, तीसने गुणायचं, सत्तर मिळवायचे. २२० कॅलरी रोज. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, ५५. दुसऱ्या दिवशी ११०. घाई का नाही ते २३ तारखेला दिसलं. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की पेशी रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम ओढून घेतात, रक्तात खडखडाट होतो. फॉस्फरस फारच खाली गेलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. ढोल्याचं ३.८ वरून १.९ वर आलं. सलाईनमधून फॉस्फेट सुरू, खाणं ११० वरच थांबवलं. २५ ला परत ३.१. मग पुढे.

उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवू नये, असं आईची आजी सांगायची म्हणे. ह्या एका बाबतीत जुनं शास्त्र आणि नवं शास्त्र जुळलं. बाकी ठिकाणी जुळलेलं नाही, खाली येईलच.

२६ ऑगस्ट, सोमवार

गोकुळाष्टमी. ढोल्या घरी. वजन ५.८, बिलिरुबिन ५.१. आतापर्यंतचं बिल २४,००० च्या वर. शिफ्ट अलाउन्स आणि दिवाळीचा सोफा, दोन्ही गेले.

कृती, म्हणजे आमचं प्रोसेस शीट, फ्रिजवर चिकटवलं आहे:

रिकव्हरीसाठीचं डब्यातलं मऊ अन्न, १०० ग्रॅमला ११७ कॅलरी. रोज १८८ ग्रॅम. त्यात ६० मिली कोमट पाणी घालून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन मिनिटं. मग चहाच्या गाळणीतून. हे चाळणं टाळायचं नाही. सहा वेळा, दर वेळी साधारण ४० मिली: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, २. आधी ६ मिली कोमट पाणी नळीत. ते सहज गेलं आणि तो खोकला नाही, तरच अन्न. अन्न पंधरा मिनिटांत हळूहळू. शेवटी परत ६ मिली पाणी, टोपण घट्ट. औषधं वेगळी, पाण्यात विरघळवून.

सहाची आणि रात्री दहाची माझी, दोनची रात्रपाळीही माझी. सकाळी दहा आणि दुपारी दोन आईची, कारण दुसरं कोणी घरी नसतं. संध्याकाळी सहा बायकोची. आई म्हणाली, "मला दाखवू नकोस, येतं मला." मी तरी दाखवलंच.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. कोपऱ्यावरचे स्पीकर रात्री दहापर्यंत. ढोल्या बाथरूममध्ये, बादलीमागे. दहाची फीड तिथंच, मी ओल्या फरशीवर बसून. पूर्ण ४० गेले.

२८ ऑगस्ट, बुधवार

भांडण. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की खाण्याची वाटी त्याच्यासमोर ठेवायची नाही. त्याला मळमळतंय, त्या वासाशी मळमळ जोडली गेली तर बरं झाल्यावरही त्या अन्नाला तो तोंड लावणार नाही. आई ऐकत नाही. फीड देताना ती शेजारी वाटीत चमचाभर वाढून ठेवते, नैवेद्यासारखं. "समोर ताट नाही आणि पोटात अन्न जातंय, हे त्याला कळायचं कसं?"

आज मी घरी होतो तेव्हा बघितलं. तिनं वाटी सरकवली. ढोल्यानं मान फिरवली, आणि खालच्या ओठावरून लाळेची तार सुटली, थेट पंज्यावर. परत सरकवली, परत तेच. मी म्हटलं, बघ. तिनं वाटी उचलली आणि ओट्यावर जरा जोरातच ठेवली.

संध्याकाळी दिसलं की त्याच्या दोन्ही वाट्या तिनं घासून माळ्यावर ठेवून दिल्यात.

मॅडमना लाळेचं कळवलं, कारण यकृताचं विष डोक्यात चढलं तरी लाळ गळते. चालणं सरळ आहे ना, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो का, विचारलं. नाही. म्हणजे मळमळच. उलटीच्या औषधाची वेळ बदलली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस उन्हाचा पत्ता नाही. नळीच्या भोकाभोवती ओलसर, थोडा पू. पातळ केलेल्या क्लोरहेक्झिडिननं दिवसातून दोनदा पुसायचं, कोरडं करायचं, पट्टी बदलायची. बाजारातली पट्टी पावसात वाळत नाही. बायकोनं आईच्या जुन्या सुती साडीचे सात गळपट्टे शिवले, वेलक्रो लावून, नळीपुरतं भोक ठेवून. धुतले तर टेबलफॅनखाली तासात वाळतात. काठ जांभळा आहे. बोका एखाद्या पुढाऱ्यासारखा दिसतो.

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सहाची फीड उलटून पडली. कारण मी: फ्रिजमधलं नीट कोमट केलं नाही आणि उशीर झाला म्हणून सात मिनिटांत संपवलं. त्या फीडवर लाल शाईनं गोल.

१ सप्टेंबर, रविवार

भेटायला येणाऱ्यांचे सल्ले, आजवरचे: उसाचा रस. ताक-भात. तेलतूप बंद. एका गृहस्थांनी काविळीची माळ आणून देतो म्हटलं, गळ्यात घातली की कावीळ उतरते तशी ती लांब होत जाते. मी म्हटलं गळ्यात आधीच एक गोष्ट आहे.

ताक-भाताबद्दल आईच्याही मनात होतंच. कावीळ म्हणजे हलकं पथ्य, हे आपल्याकडे पक्कं बसलेलं. मांजराचं उलटं आहे. ते पूर्ण मांसाहारी जनावर, त्याचं शरीर प्रथिनं जाळणं फारसं कमी करू शकत नाही, मिळाली नाहीत तर स्वतःचे स्नायू तोडतं. आर्जिनिन आणि टॉरिन त्याला अन्नातूनच हवं, भातात टॉरिन नाहीच, आर्जिनिनही पुरेसं नाही. डोक्यावर परिणाम झाला असता तर प्रथिनं मोजून दिली असती. तसं नाही, म्हणून भरपूर प्रथिनं. आमचं घर शाकाहारी. मिक्सरचं चटणीचं भांडं आता ढोल्याचं झालंय, चटणी खलबत्त्यात.

३ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे दोनची फीड. नळी बुजली.

चूक माझी, दोन चुका. गोळीची पूड वेगळी द्यायच्या ऐवजी शेवटच्या सिरिंजच्या अन्नात मिसळली. आणि शेवटचं पाणी द्यायच्या आधी बसल्या बसल्या डोळा लागला. पाच-सात मिनिटंच असतील. पाणी ढकललं तर दट्ट्या हलेना. जोर लावला. सिरिंज नळीतून सुटली आणि सगळं भिंतीवर.

आवाजानं आई उठून आली. दिवा न लावता, पॅसेजच्या उजेडात, म्हणाली, "जोर लावू नकोस. फाटेल. कोमट पाणी भर आणि ओढ-सोड कर. ओढ, सोड. ओढताना जास्त."

२०११ मध्ये बाबांना चार महिने रायल्स ट्यूब होती, नाकातून पोटात जाणारी नळी. मी तेव्हा नाईट करायचो. त्या चार महिन्यांतली दुपार कशी गेली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं माझ्या हातातली सिरिंज घेतली, अंगठा दट्ट्यावर न ठेवता खालून धरली, आणि वीसेक वेळा ओढ-सोड केली. पाण्यात तपकिरी कण आले, पण सुटलं नाही. मग मॅडमनी सांगून ठेवलेला उपाय, कोल्ड्रिंक. फ्रिजमध्ये राखीपौर्णिमेची उरलेली बाटली होती. तीन मिली नळीत, वीस मिनिटं वाट बघणं. आई तोवर ढोल्याच्या कपाळावर अंगठा फिरवत बसली. मग परत ओढ-सोड, आणि एकदम दट्ट्या सरकला.

तीन वाजून दहा. ती म्हणाली, "तुझ्या बाबांची दोनदा बुजली होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं." आणि झोपायला गेली.

सकाळी रक्त: बिलिरुबिन २.६. सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत ते निम्म्यावर आलं तर आशा चांगली, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आम्हाला पंधरा लागले, पण निम्म्याहूनही खाली गेलंय. त्या पहिल्यांदा हसल्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दोन तास वीज नाही, मिक्सर बंद. मी कंपनीत. फोनवर आई म्हणाली काळजी करू नकोस. संध्याकाळी कळलं की तिनं पुरणयंत्र काढलं होतं. जाळीतून दोनदा, मग गाळणीतून. "होळीला नवं घ्यायचं," एवढीच अट.

फीड आता पाच वेळा, ५० मिली. पहाटे दोनची पाळी बंद! आज सलग साडेसहा तास झोपणार.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. भाड्याच्या घरातले पहिले, दीड दिवसाचे. आरतीला झांजा नाहीत, फक्त टाळ्या. ढोल्या बेडरूममध्ये.

९ सप्टेंबर, सोमवार

वजन ५.६. हिरड्या जवळपास गुलाबी, कानात थोडी झाक. बी-१२ चं आठवड्याचं इंजेक्शन.

भूक वाढवायचं औषध देऊन बघितलं, मिर्टाझापिन, १५ मिलिग्रॅमच्या गोळीचा आठवा भाग. ब्लेडनं आठ तुकडे करताना माझ्याकडचा व्हर्नियर आठवला. भूक काही लागली नाही, पण बोका रात्रभर घरभर फिरत ओरडत होता, तारस्वरात, प्रत्येक खोलीच्या दारात थांबून. वरच्या मजल्यावरून विचारणा आली, कोणी आजारी आहे का. मॅडम म्हणाल्या, यकृत आजारी असलं की हे औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं, परत द्यायचं नाही. "नळी आहे ना? मग भुकेची घाई कशाला? तो खाईल तेव्हा खाईल."

हे वाक्य घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" तिला फरक सांगायला गेलो आणि गप्प बसलो.

१० ते १७ सप्टेंबर

विशेष नाही. रोज २२० कॅलरी, एकही उलटी नाही. भोक कोरडं. म्हात्रे पुलाकडून संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव ऐकू येतो. ढोल्यानं आता बादली सोडली आहे, आवाज सुरू झाला की फक्त एक कान मागे वळवतो. १६ ला बिलिरुबिन ०.८. १७ ला अनंत चतुर्दशी. मिरवणुकीला गेलो नाही, आठवतंय तेव्हापासूनची पहिली चुकलेली.

१८ सप्टेंबर, बुधवार

महत्त्वाची नोंद. वेळ सकाळी ११.४०, साक्षीदार आई.

खालच्या मजल्यावर मालवणच्या काकू राहतात. गणपती पाण्यात गेले, त्यांच्याकडे मासे परत सुरू झाले. तळणीचा वास डक्टमधून वर आला, आणि खोक्यांवर झोपलेला ढोल्या उठला. नाक वर, मिशा पुढे. खाली उतरला, स्वयंपाकघरात आला आणि खिडकीखाली उभा राहून नुसता वास घेत राहिला. लाळ नाही. आईनं मला कंपनीत फोन करून सांगितलं. मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन घेतला.

२१ सप्टेंबर, शनिवार

काकूंना भीतभीत विचारलं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता बांगड्याचा तुकडा उकडून मिळेल का. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, ते मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांजराक मासो देऊक इतकी पत्रिका कित्याक?" आणि पाठवून दिला. काटे काढून.

आईनं माळ्यावरून एक वाटी काढली. त्याच्यासमोर नाही ठेवली, खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि पाठ करून वाती वळत बसली. मी दाराआडून. चार मिनिटं काही नाही. मग आवाज आला, जिभेचा. खरखरीत, स्टीलच्या वाटीवर.

वाटीतले २० ग्रॅम, उरले १६. म्हणजे ४ ग्रॅम. एकेचाळीस दिवसांनंतर.

२२ सप्टेंबर, रविवार

बाबांची तिथी. आईनं पान वाढून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. नेहमीसारखा कावळा समोरच्या घराच्या टाकीवर बसून भाव खात होता. आम्ही वाट बघत उभे. तेवढ्यात मागून चमत्कारिक आवाज आला, कट-कट-कट, दात वाजल्यासारखा. ढोल्या खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला नाक लावून, जबडा थरथरवत कावळ्याकडे बघत होता. मयूर कॉलनीत रोज करायचा तसाच. ह्या घरात पहिल्यांदा.

कावळा लगेच उतरला, वडा घेऊन गेला. आई म्हणाली, "ह्या वर्षी लवकर शिवला." डोळे पुसले की घाम, मी बघितलं नाही.

२३ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर

वाटीतलं रोज तोलून लिहितोय, फक्त आकडे: ६, ६, ११, ९, २०, २२, १५, ३५, ४०, ५५, ५०, ७०. बांगड्यावरून हळूहळू डब्यातल्या अन्नावर आणलं, बोटाएवढा बांगडा वर ठेवून. तो जेवढं खाईल तेवढं नळीतून वजा. सकाळची फीड आधी बंद केली, म्हणजे दिवसा पोट रिकामं राहील. वजन ५.४ वरून ५.३.

एक गोष्ट पक्की ठरवली: भरलेली वाटी दिवसभर ठेवायची सवय संपली. तीन वेळा वाढायचं, अर्ध्या तासानं उचलायचं, उरलेलं तोलायचं.

७ ऑक्टोबर, सोमवार

बिलिरुबिन ०.२. बाकी आकडेही जवळपास मर्यादेत. गेले तीन दिवस सगळं तोंडानं. नळीत फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी, बुजू नये म्हणून. आणखी आठवडा असंच खाल्लं आणि वजन टिकलं तर काढू.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. आईनं शस्त्रपूजनात माझ्या व्हर्नियरशेजारी ६० मिलीची सिरिंज आणि पुरणयंत्र ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. सिरिंजच्या खुणांमध्ये कुंकू गेलंय, निघत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नळी निघाली. भूल लागली नाही. टाका कापला, ओढली, दोन सेकंद. भोकाला टाके घालत नाहीत, आपोआप भरतं. ५४ दिवस आत होती. मागून घेतली आणि घरी येऊन मोजली: ४.६५. मानण्यासारखं टॉलरन्स.

वजन ५.३. आता डाएट सुरू करू का विचारलं तर मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न मागे घेतला. वजन उतरवायचंच तर दोन महिन्यांनी, अगदी हळू, आणि एक दिवसही उपाशी न ठेवता. नाव बदलायचं का, असं बायको म्हणाली. नको ठरलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

भोकाच्या जागी वाटाण्याएवढं टक्कल, त्यावर लव आली आहे. घरात चकलीची भाजणी, तेलाचा वास. खोकी अजून चार उरलीत, ती ढोल्याची म्हणून उघडत नाही.

सकाळी आठला वाढलं, त्यानं हुंगलं आणि निघून गेला. साडेआठला वाटी उचलली: ६० पैकी ६०. वहीत लिहिलं. दहाला परत वाढलं, खोकीवरून उतरला नाही. मी घड्याळाकडे बघतोय हे आईला सोऱ्या फिरवतानाही दिसलं.

"तळणाच्या वासानं असेल," ती म्हणाली. "भूक लागली की..."

वाक्य तिथंच राहिलं. गॅस बंद करून, पिठाचे हात पदराला पुसत, ती वाटी बघायला उठली.